धाकटे आजोबा मुके नव्हते

२ डिसेंबर, मंगळवार. स्मरणिकेची प्रुफं तपासायची आहेत. उद्या सकाळी दहाला प्रेसमध्ये पोचली पाहिजेत.

एकूण बेचाळीस पानं. माझ्या माहेरच्या, कल्याणच्या खाडीवरच्या कोळीवाड्यातल्या उत्सव मंडळाची ही स्मरणिका. प्रुफं माझ्याकडे येण्याचं कारण एवढंच, की मी ठाण्यात एका शाळेच्या ऑफिसात सत्तावीस वर्षं कारकुनी करते आणि माझ्या नजरेतून चूक सुटत नाही असा माहेरी समज आहे. जेवणाच्या टेबलावरची फळांची टोपली बाजूला केली, चष्मा पुसला आणि बसले. जाहिरातींची आठ पानं झाली. अध्यक्षांचं मनोगत झालं, त्यात ते स्वतःलाच तीनदा धन्यवाद देतात, त्यातले दोन मी काढले. मग पान एकोणीस आलं. ‘आमच्या गावचा मूकपटातला तारा.’ लेखक आमचे मिस्टर.

हे त्यांनी मला सांगितलं नव्हतं. रिटायर झाल्यापासून काहीतरी लिहीत बसतात एवढं माहीत होतं. मी पान वाचत असताना ते मुद्दाम स्वयंपाकघरात पाणी प्यायला आले.

"अगं, फक्त शुद्धलेखन बघ हं. मजकुराला हात लावू नकोस."

"का? मजकूर काय सोन्याचा आहे?"

"वाच तर खरं. रडशील."

लेख माझ्या धाकट्या आजोबांवर होता. माझ्या आजोबांचे धाकटे भाऊ, हिराजी. मूकपटांच्या काळात ते सिनेमात काम करत. लेख चांगला होता, खोटं कशाला बोलू. दुसऱ्याच परिच्छेदात लिहिलं होतं: ‘मी त्यांना अगदी जवळून पाहिलं आहे. ते जन्मतःच मुके होते. पण मूकपटाने त्यांच्या या व्यंगाचं सोनं केलं. पुढे बोलपट आला आणि नियतीने त्यांच्या तोंडचा घास काढून घेतला.’

नियतीने म्हणे. नियती आमच्या डोंबिवलीच्या दोन खोल्यांत राहत नव्हती. तिथे बाबा राहत होते, आई राहत होती आणि मी राहत होते.

धाकटे आजोबा मुके नव्हते. दिवसभर बोलत. आंघोळ करताना बोलत, जाळं विणताना जाळ्याशी बोलत, वाऱ्याला शिव्या देत. खर्जातला, थोडा घोगरा आवाज, खाडीवर एका होडीतून दुसऱ्या होडीत पोचेल असा. बोलत ते आमच्या खाडीची बोली. तिच्यात ‘मला’चं ‘मना’ होतं आणि घोड्याचा ‘घोरा’. लहानपणी मे महिन्याच्या सुट्टीत मी कल्याणच्या घरी जायचे, तेव्हा पहाटे पहिल्यांदा ऐकू यायचा तो हा आवाज. मग डांबराचा वास, मग ओहोटीच्या चिखलाचा, मग चुलीवर भाजलेल्या सुकटीचा. याच क्रमाने. आजही सुकट भाजली की मी आधी आवाजाची वाट बघते. येत नाही म्हणून गॅस बंद करून टाकते.

ते सिनेमात गेले कसे, हे नीट कुणालाच माहीत नाही. कुणी म्हणायचं, खाडीत पोहताना बघून उचललं. कुणी म्हणायचं, पळून गेले. सोळा-सतरा वर्षांचे असतील. मी दहा वर्षांची असताना त्यांनी मला खडवलीला नेऊन नदीतला एक खडक दाखवला होता. खडक म्हणजे खडक, त्यात बघण्यासारखं काही नव्हतं. त्याच्यावर धुणं वाळत घातलेलं होतं.

"हिथं कवरा पानी होता तवा. सात येला उरी मारली, गो बाय. सात येला. सायेब बोलं, परत."

शूटिंगला सात वेळा उडी मारली, कारण सहा वेळा सूर्य ढगाआड गेला. सगळं काम उन्हावर चाले. लाकडी फळ्यांना चंदेरी कागद चिकटवून त्यांवरून ऊन तोंडावर पाडायचे, डोळे जळून पाणी यायचं आणि साहेब, म्हणजे डायरेक्टर, खूश व्हायचा की काय रडतो हा. तोंडाला पिवळट पावडर. तिचा वास पिठासारखा, असं ते म्हणत. हिरॉइनला रडू यावं म्हणून एक पेटीवाला पाण्यात पाय सोडून खडकावर बसायचा आणि वाजवायचा. साहेब पत्र्याचा भोंगा तोंडाला लावून ओरडायचा, आता वर बघ, आता हात सोड, आता मर. ते ऐकत ऐकत मरायचं. आवाज कुठेच जाणार नसल्यामुळे तोंडाने काय म्हणायचं ते ज्याचं त्याने ठरवायचं. धाकटे आजोबा प्रेमाच्या प्रसंगात माशांची नावं घेत. बोय, निवटी, चिंबोरी, शिंगाली. हिरॉइनच्या डोळ्यांत डोळे घालून, गळा दाटून आल्यासारखं, जितारा. म्हणजे जिताडा. पडद्यावर खाली भलतीच पाटी यायची, तुझ्यावाचून जगणं व्यर्थ आहे वगैरे.

तो सिनेमा कल्याणला तंबूत आला तेव्हा सगळा कोळीवाडा बघायला गेला. त्यांच्या आईला वाचता येत नव्हतं, पण मुलाचे ओठ तिला वाचता येत होते. ती भर तंबूत म्हणाली, "अगो, यो तर जितारा बोलतंय." पुढच्या तीन रांगा हसत सुटल्या आणि इतर लोकांना कळेना, की नायक मरायला टेकला असताना ही माणसं हसतात कशाला. हे सांगताना ते स्वतः इतके हसत की खोकला लागे.

त्यांचा एकही सिनेमा आज शिल्लक नाही. रिळं कुणी चांदीसाठी वितळवली, कुणी बांगड्यांच्या कारखान्याला विकली असं ऐकलं. असेल. कुणाच्या तरी आजीच्या हातात त्यांची उडी खुळखुळत असेल.

मग बोलपट आला. त्या दिवसांबद्दल ते फार बोलत नसत. मी खूप मागे लागले तेव्हा एकदा एवढंच म्हणाले, "मना बोलले, तुजा थोबार बरा हाय. पन आवाज दुसऱ्याचा कसा लावाचा?" माझ्या मते त्यांना एका खोलीत उभं करून हिंदुस्थानीतलं एखादं वाक्य म्हणायला लावलं असणार आणि कुणीतरी हसलं असणार. पुढची चार-पाच वर्षं ते सिनेमात होते, पण राजाच्या मागे भाला घेऊन उभे. तोंड मिटून. मग तेही संपलं. ते कल्याणला परत आले, होडीवर गेले. नंतर मोहन्याला कृत्रिम रेशमाचा मोठा कारखाना निघाला, तिथे लागले. आत यंत्रांचा इतका आवाज, की माणसं दिवसभर खुणांनी बोलत. धाकटे आजोबा तिथे उस्ताद झाले. नवीन माणूस आला की मुकादम त्याला आधी त्यांच्याकडे पाठवी, जा, हिराजीकडून हात शिकून ये. आता तो कारखानाही बंद आहे.

लग्न त्यांनी केलं नाही. म्हातारपणी आमच्याकडे डोंबिवलीला आले. बाबा सरकारी नोकरीत. बाबांनी कोळीवाडा सोडला तेव्हा बोलीसुद्धा तिथेच, काठावर, जुन्या होडीसारखी उलटी घालून ठेवली. आमच्या बिल्डिंगमध्ये सगळे शुद्ध बोलणारे. बाबा त्यांच्यापेक्षा शुद्ध बोलायचे, इतकं की वाण्याला हसू यायचं. आणि गॅलरीत धाकटे आजोबा उभे राहून खालच्या बाईला मोठ्याने विचारायचे, कोलंबी कशी दिलीस गो. बाबांचे कान लाल व्हायचे. "काका, हळू." दिवसातून दहा वेळा. "काका, हळू." एवढ्या मोठ्या आवाजाच्या माणसाला दोन खोल्यांत हळू बोलायला लावायचं. वासराला माजघरात बांधण्यातला प्रकार.

आता पान एकोणीसवर परत येते. ह्यांनी बाहेरून विचारलं, "झालं का?"

"होतंय."

"नियतीचं वाक्य कसं वाटलं?"

पेन्सिलीचं टोक मोडलं होतं, ते काढत बसले.

मला बघायला यायचे होते त्या रविवारची गोष्ट. मी तेवीस वर्षांची. मुलगा ठाण्याचा, आमच्याच समाजातला, पण घरात दोन पिढ्या शिकलेल्या, चुलते वकील. बाबा शनिवारपासून हवेत. आईने घरातली सगळी सुकट शेजारच्या बाईंच्या माळ्यावर ठेवून दिली, खिडक्या उघडल्या आणि चार-चार उदबत्त्या लावल्या. खोली देवळासारखी झाली. राहता राहिले धाकटे आजोबा. त्यांना विठ्ठलवाडीला माझ्या मामाकडे पाठवावं असं बाबांच्या मनात होतं. पण मुलाच्या चुलत्यांनी आधीच निरोप धाडला होता, तुमच्याकडे ते सिनेमातले काका आहेत ना, त्यांना भेटायचं आहे.

बाबा म्हणाले, "ते तोंड उघडतील आणि संपलं सगळं."

यापुढचं वाक्य मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. ते बाबांचं नव्हतं, आईचंही नव्हतं. ते माझं होतं. मी साडीच्या निऱ्या घालत होते, तोंडात पिना होत्या, त्या काढून म्हटलं, "सांगू या ना की ते मुके आहेत. मूकपटात काम करायचे म्हटल्यावर पटेल कुणालाही."

बाबांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मी पहिली आले होते.

धाकटे आजोबा कोपऱ्यात सुतळी वळत होते. सगळं ऐकत होते. थोड्या वेळाने म्हणाले, "म्हंजी आदीचाच काम."

"दोन तासांचा प्रश्न आहे, काका."

"मंग? लगीन झाल्यावर?"

बाबा म्हणाले, "तेव्हाचं तेव्हा बघू." मी आरशाकडे वळले. मला पिना लावायच्या होत्या.

आणि त्यांनी ते काम काय केलं. साठ वर्षांनी त्यांना प्रेक्षक मिळाले होते. मुलाकडची पाच माणसं पोहे खायची विसरली. ते डोळ्यांनी या म्हणाले, बसा म्हणाले, भुवयांनी विचारलं की चहात साखर किती. वकील चुलत्यांनी सिनेमाचं विचारलं तेव्हा बसल्या जागी त्यांनी पाण्यात उडी मारली, वर आले, केसांतलं पाणी झटकलं. माझ्या होणाऱ्या सासूबाईंनी डोळ्यांना पदर लावला. मुलगा तर मला बघायचंच विसरला होता. नंतर हे मला नेहमी सांगत, मी तुला नाही, तुझ्या आजोबांना पसंत केलं.

पाहुणे गेले. बाबांनी काकांच्या पाया पडावं तसा त्यांचा हात धरला. धाकटे आजोबा उठले, गॅलरीत गेले आणि त्या दिवशी रात्रीच्या जेवणापर्यंत कुणाशी बोलले नाहीत. आम्हाला वाटलं, दमले असतील.

लग्नानंतर महिनाभराची गोष्ट. दुपारी मी सासरच्या स्वयंपाकघरात भांडी लावत होते. मागच्या दाराशी कोळीण आली आणि माझ्या सासूबाई, दोन पिढ्या शिकलेल्या घरातल्या, मी आत आहे हे विसरून तिला म्हणाल्या, "कवऱ्याला दिलास गो? ईस? येरी झालीस का?" तीच बोली. तोच हेल. नंतर कळलं, त्याही आमच्याकडे यायच्या आधी आपल्या सासऱ्यांना गावी पाठवून आल्या होत्या. ते तोंड उघडतील या भीतीने.

त्याच दिवशी मी सांगायला हवं होतं. हसून, कपबशी विसळता विसळता सांगता आलं असतं. अहो आई, आमचे आजोबाही असंच बोलतात. त्या हसल्या असत्या. पण एक महिना झाला होता, खोटं नवं होतं आणि मीही नवी होते. मग वर्ष झालं. मग तर सांगणं म्हणजे वर्षभर फसवलं असं कबूल करणं झालं. खोटं शिळं झालं की त्याला बुरशी येत नाही, ते दगड होतं.

हे चार वर्षं चाललं. ह्यांना धाकट्या आजोबांचा लळा. सुट्टीच्या दिवशी न सांगता डोंबिवलीला थडकत, हातात मासे. बेल वाजली की धाकटे आजोबा बोलता बोलता मध्येच थांबत. शब्द अर्धा तोडून. वीज गेल्यावर पंखा थांबतो तसं नाही, पंखा जरा वेळ फिरतो तरी. हे समोर बसून मोठ्याने, एकेक शब्द सुटा करून बोलत, "आ-जो-बा, जे-व-लात का?" मुक्या माणसाला ऐकूही कमी येतं असं सगळ्यांना का वाटतं कोण जाणे. ते मान डोलवत. मला राग ह्यांचा यायचा. ह्यांचा काय दोष होता?

आमची मुलगी झाली तेव्हा ते बघायला आले. तिला मांडीवर घेतलं आणि ह्यांच्याकडे बघत बसले. हे जागचे हलेनात. फोटो काढत होते. शेवटी टॅक्सी बघायला म्हणून खाली गेले, तेवढ्यात धाकटे आजोबा खाली वाकले आणि पोरीच्या कानाशी भराभर बोलायला लागले. काय बोलले ते मला कळलं नाही, मी दाराकडे लक्ष ठेवून होते. जिन्यात पावलं वाजली तेव्हा मी म्हटलं, "आले." ते गप्प झाले.

पहारेकरी होते मी. पगाराशिवाय.

ते गेले त्या दुपारी खोलीत आम्ही तिघं. आई-बाबा डॉक्टरांकडे गेले होते. हे त्यांचे पाय चेपत होते. धाकट्या आजोबांना पाणी हवं होतं. ओठ सुकले होते, जीभ बाहेर येऊन आत जात होती. त्यांनी ह्यांच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि हात उचलून अंगठा तोंडाकडे नेला. खूण केली. मी चमच्याने पाणी दिलं. अजून एक चमचा. मला फक्त दोन शब्द म्हणायचे होते, आजोबा, बोला. ह्यांना काय कळलं असतं ते कळलं असतं. मी ते म्हटले नाहीत. ते तासाभरात गेले. भूमिका न सोडता.

ह्यांनी लेखात ती दुपारही लिहिली आहे. शेवटच्या परिच्छेदात. ‘त्यांचा तो उचललेला हात माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही.’ शुद्धलेखनाची एकही चूक नाही.

स्टुडिओतल्या लोकांना मी माझ्या घरच्यांपेक्षा कमी दोष देते. त्यांनी एकदा दार लावलं. कोण कुठला पोऱ्या खाडीवरून आलेला, त्यांचं त्याच्याशी नातं काय. आम्ही मात्र त्याला घरात घेतलं, दोन वेळ जेवायला घातलं आणि बेल वाजली की तोंड बंद करायला लावलं. आणि आता छापून त्याच्यावर शिक्का मारणार. दोन हजार प्रती. पोरं वाचतील, जन्मतःच मुके. कोळीवाड्यात त्यांना ऐकलेलं आता कुणी उरलेलं नाही. जे होते ते गेले. उरले मी.

पान एकोणीस सोडून मी बाकीची प्रुफं रात्री जेवणाआधी संपवली. ह्यांनी विचारलं तेव्हा सांगितलं, तुमचं एक पान सकाळी.

३ डिसेंबर, बुधवार. सकाळी साडेसहाला चहा केला. हे पेपर घेऊन बसले होते. मी त्यांच्या समोर पान ठेवलं आणि उभ्यानेच सांगितलं. सगळं. पिनांपासून पाण्याच्या चमच्यापर्यंत. बसले असते तर जमलं नसतं.

त्यांनी पेपरची घडी घातली. पुन्हा उघडली. पुन्हा घातली.

"चौतीस वर्षं," ते म्हणाले.

"हो."

"मी त्यांच्याशी ओरडून बोलायचो गं. एकेक अक्षर."

"हो."

"आणि ते ऐकून घ्यायचे." त्यांनी पेपर बाजूला ठेवला. "माझ्यासमोर एकदाही बोलले नाहीत. तुझ्यासाठी."

"माझ्यामुळे," मी म्हटलं.

"लेख काढून टाक. लाज वाटते मला."

"लाज तुम्हाला कशाला? लेख राहील. दुसरा परिच्छेद मी लिहीन."

त्यांनी चहा तसाच ठेवला आणि आत जाऊन दार लावून घेतलं. दाराशी उभं राहायला मला वेळ नव्हता. मी टेबलाशी बसले आणि शाळेच्या कोऱ्या कागदावर लिहिलं. हिराजी उत्तम बोलत. आपल्या बोलीत, मोठ्याने. सिनेमाने त्यांचा आवाज नाकारला आणि नंतर आम्ही घरच्यांनी. सासरच्या माणसांसमोर ते मुके आहेत असं सांगायची कल्पना माझी होती. त्यांनी ते मरेपर्यंत निभावलं. खाली माहेरचं नाव लिहिलं, सासरचं लिहिलं, सही केली.

साडेनऊला प्रेसमध्ये होते. प्रेसवाल्याने कागद वाचला, चष्मा कपाळावर नेला आणि विचारलं, "ताई, हे असंच छापायचं? नावासकट?"

"असंच."

"मंडळाचे लोक भांडायला येतील."

"माझ्याकडे पाठवा," मी म्हटलं आणि कागदामागे घरचा नंबर लिहून दिला. त्याने कॉम्प्युटरवर मजकूर बसवून पान काढेपर्यंत मी तिथेच स्टुलावर बसले. ताजं पान हातात घेऊन एकदा वाचलं. मग दुसऱ्यांदा मोठ्याने वाचलं, शेवटच्या ओळीपर्यंत, धाकट्या आजोबांच्या हेलात. आतली दोन्ही मशीनं चालू होती, तरी पेपर कापणारी बाई काम थांबवून ऐकत राहिली.